मुका नळ

“आधी स्वतःच्या बापाचं पाणी तोड, मग आमच्या दारात ये!” बेकरीवाला ओरडला.

“तिकडेच निघालेय,” वस्तीचं पाणी सोडणारी चावीवाली म्हणाली. तिच्या खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी होती, हातात सळई. मागोमाग निम्मी वस्ती निघाली. तमाशा फुकट असला की गर्दीला ऊन लागत नाही.

पाऊस वर्षागणिक आखडत गेला होता आणि उन्हाळा पाय पसरत चालला होता. डोंगरापलीकडची वस्ती तर दारांना कुलपं लावून कधीच निघून गेली. म्हणून इथे सभेत ठरलं, की बागांचं पाणी बंद. टाकीतलं पाणी फक्त प्यायला. हात सगळ्यांनी वर केले. पण स्वतःची बाग सुकवायला एकही माईचा लाल तयार नव्हता. जो तो तिच्या वडिलांच्या लिंबांच्या बागेकडे बोट दाखवायचा. पोरगीच चावीवर, मग म्हाताऱ्याला काय कमी? आज ही बाग बंद झाली नाही, तर एकही होणार नव्हती. मग टाकी आटणार आणि यांच्याही दारांना कुलपं लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

वडील फाटकाशी उभे होते. तिच्या आधी हीच चावी त्यांच्या खांद्यावर असायची. मागे लिंबांनी माना टाकल्या होत्या. यंदाचं ऊनच तसं, तिला वाटलं. ही झाडं आईच्या हातची.

“बाबा, बाजूला व्हा.”

“नीट विचार केलास? ही झाडं पुन्हा उभी राहायची नाहीत.”

“केलाय.”

ते बाजूला झाले. तिने खड्ड्यावरचं झाकण उचललं, सळईचं एक टोक नळावर टेकवलं आणि दुसऱ्याला कान लावला. पाणी डोळ्यांनी नाही, कानांनी बघायचं, ही त्यांचीच शिकवण.

नळ मुका होता. तिने चावी लावून जोर केला. चावी फिरेना. व्हॉल्व्ह आधीच घट्ट बंद होता.

“बाबा, हा कधी बंद केलात?”

“उन्हाळा लागला तेव्हाच, चावी तुझ्या हाती द्यायच्या आधी. तुमची सभा मागाहून झाली.”

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. “अहो, मग बोलायचं ना! एवढ्या शिव्या कशाला खाल्ल्यात आमच्या?”

“शिव्यांनी काय अंगाला भोकं पडतात?” म्हातारा ताठ उभा राहून हसला. “आणि आधीच बोललो असतो, तर माझी लेक काय चीज आहे, ते तुम्हाला कधी दिसलं असतं?”