घरून काम

तिसऱ्या दिवशीही नेटच्या डब्यावरचा दिवा लालच होता. सुचितानं बटण बंद केलं, थोडं थांबून पुन्हा चालू केलं. लाल. सव्वादहा वाजले होते. ऑफिसातल्या बाकीच्या पोरी दहालाच कामाला लागल्या असतील.

वाशिमच्या त्या ऑफिसात विम्याचे कागद तपासायचं काम ती चार वर्षं करत होती. शेलूबाजारहून रोज जीपनं जायचं, जीपनं यायचं. दिवाळीनंतर ऑफिसनं जागा लहान केली. ज्यांच्या घरी चांगलं नेट आहे त्यांनी घरून काम करावं, असं पौर्णिमा मॅडमनी सांगितलं. पण एकदा सोडलेली खुर्ची परत मिळणार नव्हती. आणि लागोपाठ पाच दिवस काम बंद पडलं, तर जागेवर दुसरं माणूस.

सुचिताचं मन होत नव्हतं. तयार केलं ते गोपालनं, तिच्या नवऱ्यानं. जीपमधली दाटी, उन्हातलं उभं राहणं, कशाला जिवाला त्रास, म्हणाला. भाजीचा मळा सांभाळून तो आठ दिवस नेटच्या मागे फिरला. डिशवालं नेट पावसात बसतं, असं त्यानं चार घरी विचारून पक्कं केलं. सिमवाला डबा मागून आणला, तो गच्चीवरच चालायचा. शेवटी गावातल्याच ऋषिकेशची फायबर लाइन घ्यायची ठरली. ऋषिकेश त्याच्या वर्गातला. लाइन गेली तर तासाभरात दारात उभा राहील, दूरच्या कंपनीपेक्षा असा माणूस बरा, असं गोपालचं म्हणणं. भिंतीला भोक त्यानं स्वतः पाडलं. खिडकीजवळ टेबल लावून दिलं. सुचितानं बहिणीला फोन करून नवऱ्याचं कौतुक सांगितलं.

विरोध एकट्या सासूचा होता.

"नेट-बिट काई नको," गिरजाबाई म्हणाल्या होत्या. "तू आपली जीपनंच जात जाय."

सुचिताला ते लागलं होतं. दिवसभर सून डोळ्यांपुढं नको, एवढाच त्याचा अर्थ तिनं घेतला. खुर्ची सोडल्याचं तिनं मॅडमना कळवलं.

लाइन अकरा दिवस झकास चालली. सोमवारी सकाळी बंद पडली ती पडलीच. तासाभरात येणारा ऋषिकेश आला नाही. तो मंगरूळपीरकडं गेला, तिकडं खांब पडला, असं गोपाल फोन करकरून विचारून सांगायचा. सुचितानं स्वतः लावला तर तो उचलत नव्हता. दुसऱ्याच्या घरी बसून करावं, असंही काम नव्हतं. लोकांच्या आजारपणाचे कागद घराबाहेर उघडायचे नाहीत, असा नियम होता. ऑफिसात येऊन बसते म्हणाली, तर मॅडमनी बसायला जागाच उरली नाही म्हणून सांगितलं. शुक्रवारपर्यंत थांबते, त्यापुढं माझ्या हातात नाही, म्हणाल्या.

आज ती उठली आणि वायर धरून मागं गेली. वायर भिंतीतून निघून घरामागच्या वालाच्या मांडवावरून खांबाकडं जात होती. मांडवाच्या मध्यावर, वेलाच्या दाट पानांत, ती तुटलेली होती. उंदराचं काम नव्हतं. विळ्यानं कापावी तशी साफ कापलेली होती. मांडवात शेंगा तोडायला रोज गिरजाबाईच असत.

सुचिता घरात आली आणि लग्न झाल्यापासून बोलली नव्हती ते सगळं बोलली. माझं कमावणं तुम्हाला पहिल्यापासून खुपतं, म्हणाली. म्हातारपणी अंथरुणाला खिळाल तेव्हा माझ्याकडून पाण्याच्या घोटाची आशा धरू नका, म्हणाली.

"म्या नाही केलं, सुचिता," एवढंच गिरजाबाई म्हणाल्या. आणखी काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात गोपाल मळ्यातून आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आईवर तो ओरडला नाही.

"आई, असं नोको करत जाऊ," तो हळूच म्हणाला.

गिरजाबाई त्याच्याकडं पाहत राहिल्या. मग पदर सावरून आत गेल्या.

वायर जोडायचं मशीन फक्त ऋषिकेशकडं होतं. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. सुचिता सासूशी बोलत नव्हती. ताटही समोर आपटून ठेवायची.

शनिवारी सकाळी पौर्णिमा मॅडमचा फोन आला. जागा भरली होती. चार वर्षांचं काम चांगलं होतं, पुढं कधी गरज लागली तर नक्की बोलावू, असं त्या म्हणाल्या. सुचिता टेबलावर डोकं ठेवून रडली. गोपालनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाणी आणून दिलं. जाऊ दे, घरचंच काम थोडं हाय का, असं समजावलं. ती शांत झाल्यावर तो उठून मागं गेला.

सुचिता तोंड धुवायला मोरीत आली. गिरजाबाई तिथंच, मागच्या दाराशी, शेंगा निवडत बसल्या होत्या. दार उघडं होतं. मांडवात गोपाल पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता, तिच्याशी बोलायचा त्याच मऊ आवाजात. सासूनं मान वर केली नाही. सुचिताचा ओला हात तोंडापाशीच थांबला.

"ये आता, ऋषिकेश. जागा गेली तिची, सोमवारपासून मळ्यात येते मेथीच्या जुड्या बांधाले. वायर म्या जिथं कापली तिथंच हाय, लवकर जोडून दे. दुपारून मॅच हाय."