शेवटच्या थांब्यापर्यंत

वळणावर स्टीअरिंग आपोआप फिरलं आणि तिनं ब्रेक मारावा तसा उजवा पाय खाली करकचून दाबला. लगेच मागे घेतला. घाबरलेलं दिसायचं नाही, हीच तर तिची नोकरी होती.

चालक नसलेल्या बसमध्ये चढायला लोक धजत नव्हते. म्हणून कंपनीनं तिला साध्या प्रवाशासारखं बसायला ठेवलं होतं. निवांत बाहेर बघायचं, कुणी बावरलं तर धीर द्यायचा. आज तिचा पहिलाच दिवस. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "एक जरी प्रवासी मध्येच उतरला, तर उद्यापासून येऊ नकोस." दुकानातलं काम सुटल्यापासून ती भावाकडे राहत होती, आणि वहिनी हल्ली भांडी जरा जास्तच आपटत होती.

तिनं बसभर नजर फिरवली. पुढे एक बाई स्वेटर विणत होती. कोपऱ्यात एक जाडजूड गृहस्थ घोरत होते. धोका एकच होता, शेजारचे आजोबा. प्रत्येक सिग्नलला ते "थांब बाबा, थांब" असं पुटपुटत आणि हात बस थांबवायच्या लाल बटणाकडे सरकवत.

एक ट्रक आडवा आला. बस कचकन थांबली. आजोबा ताडकन उठले. तिनं त्यांचा हात धरला. हात थंडगार होता. तिचाही.

"बसा हो आजोबा. मी रोज याच बसनं जाते. काऽही होत नाही."

आजोबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि ते खाली बसले. "मीही रोजच जातो, पोरी. तूच घाबरू नकोस."

काय थापा मारतोय म्हातारा, तिला वाटलं. पण शेवटच्या थांब्यापर्यंत तिनं तो हात सोडला नाही.

थांब्यावर साहेब हजेरीचं यंत्र घेऊन उभे होते. ती धावतच गेली. "साहेब, कुणी उतरलं नाही!" अंगठा लावून ती वळली, तर मागे आजोबा अंगठा पुढे करून उभे. त्यांच्यामागे विणणारी बाई. तिच्यामागे घोरणारे गृहस्थ, टक्क जागे. बसमध्ये आता कुणीच उरलं नव्हतं.

"छान. उद्या याच वेळी या," साहेब म्हणाले. "आता बसा आत. हीच बस घरापर्यंत फुकट सोडेल."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मी आपला पायीच जातो," आजोबा म्हणाले. तोवर बाकीची तिघं रस्त्याला लागलीही होती.