बाबांचं वायरिंग

बाबा वायरिंगचे तपासनीस. त्यांची चाहूल लागली, की भल्याभल्या वायरमनच्या हातून पक्कड गळून पडायची. घरचं वायरिंग मात्र त्यांनी स्वतःच केलं होतं. "घरात तपासनीस असताना वायरमन कशाला?" असं म्हणून ते आईला गप्प करायचे. पण आपल्याच कामाला आपणच दाखला द्यायचा नाही, हा नियम. आणि दुसऱ्या कुणाला ते तपासू देत नसत. त्यामुळे ते काम कधी तपासलंच गेलं नाही.

बाबा गेले आणि मीटर आईच्या नावावर करायला तो दाखला लागला. तपासायला आला तो बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने बाथरूमच्या दिव्याचं बटण दाबलं, तर दारावरची बेल वाजली. लेक दार उघडायला उठू लागली.

"उठू नकोस गं," आई लेकीला म्हणाली, "बाथरूममध्ये कुणी गेलं की वाजते ती."

तो रडवेला झाला. "काकू, याहून बऱ्या कामाला सरांनी मला नापास केलं होतं. दाखला कसा देऊ?"

लेकीला वाटलं, एवढ्या दिवसांत सावरलेली आई आता खचणार! आईने मात्र त्याच्याकडून 'नापास' असा शेरा लिहून घेतला आणि तो कागद बाबांच्या फोटोसमोर नेऊन धरला.


"बघा! सांगत होते ना, वायरमन बोलवा?"