कागदाची पाठ
सकाळी दूध तापत असताना मुलीने स्पर्धेसाठी स्वतः रचलेले कोडे प्राध्यापक वडिलांपुढे धरले: ‘रडलात की भिजतो, हसलात की फुगतो, पण स्वतःचा स्वतःला दिसत नाही.’ “अगं, हे फारच बाळबोध झालं,” म्हणत त्यांनी त्याच कागदाच्या पाठीवर शाईने भारदस्त कोडे लिहून दिले. शाळेत पालकांसमोर बाईंनी तो कागद फलकावर टाचला आणि शाईतले कोडे वाचले. कुणालाच सुटेना. “आता तूच सांग बरं उत्तर.” मुलगी वडिलांकडे पाहत राहिली. “हिचंच कोडं हिलाच येईना!” कुणीतरी खिदळले. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे वडिलांना झाले. ते उठले, फलकाजवळ गेले. “मघाचं माझं होतं. तिचं हे,” म्हणत त्यांनी कागद उलटून टाचला. मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत पहिला बाक ओरडला, “गाल!”