बाराव्या पट्ट्यावरचे साठ पेले

मैदानाला पाणी देणाऱ्या हम्मूने शेवटचा पेला गवतावर ठेवला आणि लगेच उचलून बोटभर डावीकडे सरकवला. गोल्फच्या मैदानाच्या बाराव्या पट्ट्यावर, दर चार पावलांवर एक, असे चहाचे साठ पेले मांडून झाले होते. मैदानातले तण उपटणाऱ्या बायकांनी ते आपापल्या घरून आणले होते.

"पुदिना विसरलास वाटतं," व्यवस्थापक मुफद्दल म्हणाले; सगळे त्यांना आदराने सी मुफद्दल म्हणत. "की नवरदेव यायचाय अजून?"

बायका हसल्या. हम्मूला हसू आले नाही.

मराकेश शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी मैदानाला पुरेनासे झाले होते. उतारावरचे गवत पिवळे पडले होते. आज दुपारच्या, असरच्या नमाजापर्यंत हम्मूला उपाय सापडला नाही, तर गावच्या विहिरीजवळचा पंप मैदानासाठी सुरू होणार, असे गावाला सांगण्यात आले होते. विहिरीचा तळ आधीच दिसू लागला होता. हम्मूही त्याच गावचा.

दहा मिनिटे फवारे फिरले. तेवढ्यात त्याने चार वेळा घड्याळ पाहिले, दोनदा बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. मग पाणी मोजायला पट्टी घेऊन तो पेल्यापेल्याशी वाकत गेला. काही पेले काठोकाठ भरले होते. उतारावरच्या पेल्यांचे तळही ओले झाले नव्हते.

"पाणी कमी नाही, सी मुफद्दल. वाटप चुकतंय. फवारे कललेत, काही मातीत रुतलेत. तेवढा उतार जगवायला आपण सगळ्या मैदानाला दुप्पट पाणी पाजतोय. हे सरळ केले, तर आहे त्यात भागेल."

सी मुफद्दलांनी एक कोरडा पेला उचलून उपडा करून पाहिला. "कर सरळ," ते म्हणाले. "पंप नको."

बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या उतारावरून घरंगळत गेल्या. हम्मू मात्र घाईघाईने भरलेले पेले उपडे करू लागला.

"राहू दे मावशी, मी ओततो."

पण बायकांमधल्या सर्वांत वयस्क इत्तोने एक पेला नाकाशी नेलाच होता.

"हम्मू, फवारे सुरू झाले की सांडपाण्याच्या वासाने आम्ही नाकाला फडकं लावतो. बरेच दिवस झाले, कुणीच लावलं नाही." तिने जिभेवर थेंब घेतला. "हे तर आपल्या विहिरीचं."

सी मुफद्दल आपल्या गाडीकडे वळले.

"कधीपासून?" इत्तोने हम्मूला विचारले.

"अकरा दिवस." त्याचा आवाज गवतातच राहिला. "त्यांनी सांगितलं, मी पंप चालू केला. दोन दिवसांत बंद करीन म्हटलं होतं, मावशी."

इत्तोने उरलेले पेले एकेक करून आपल्या बादलीत रिकामे केले, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. गावच्या पाण्याच्या पाळ्या लावायला एक विश्वासाचा माणूस निवडायचा होता, त्या दिवशी हम्मूसाठी सर्वांत आधी हात तिनेच वर केला होता.