विचारून काढलेला फोटो

खालच्या वळणावर बसचा हॉर्न दोनदा वाजला. म्हातारीने हातातला धोटा मागावर ठेवला, अंगावरचे सुताचे धागे झटकले आणि ती फाटकाशी येऊन उभी राहिली. सकाळपासून ती दोनदा उगाचच उठून आली होती. आता मात्र बस खरी होती.

पायऱ्यांच्या गल्लीतून सातआठ पाहुणे एका रांगेत वर येत होते. पुढे तिची लेक, गळ्यात गाइडचं ओळखपत्र. आज लेकीची या गावातली शेवटची फेरी. उद्यापासून तिला पलीकडच्या खोऱ्यात नेमलं होतं, आणि तिकडून इथे यायचं म्हणजे दोन दिवसांची वाट. हे लेकीने सांगितलं नव्हतं, काल बसच्या ड्रायव्हरने सांगितलं. तेव्हापासून म्हातारीच्या मनात एकच होतं: पोरीने घडीभर घरात येऊन टेकावं. बाकी काही नको.

पण गावाचा नियम होता. गाइडने पाहुण्यांना आपल्या नातलगाच्या घरी न्यायचं नाही, आणि पाहुण्यांना सोडून आपणही कुठे जायचं नाही. आधीचा गाइड झाडून सगळ्यांना आपल्या आत्याकडे न्यायचा. आत्याची चादर न् चादर खपायची आणि बाकीचं गाव माश्या मारत बसायचं. म्हणून गावाच्या बैठकीत हा नियम झाला. त्या बैठकीत सगळ्यांत मोठ्याने कोण बोललं होतं? हीच म्हातारी. लेक तेव्हा शाळेत होती. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"इथे एक आजी एकट्या राहतात," लेक पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगत होती. "घरात डोकावू नका. त्यांच्या एकांताचा मान ठेवू या."

पाहुण्यांची भाषा म्हातारीला बोलता येत नसे, पण इतक्या वर्षांत कळायला लागली होती. एकांताचा मान! तो एकांत कुणी गाठोडं बांधून नेला असता, तर तिने वर एक चादर फुकट दिली असती.

ही माझी आई, असं लेकीने एकदा सांगितलं होतं. तेव्हा अकराजण कौतुकाने चहाला आत शिरले आणि दुसऱ्या दिवशी लेकीच्या हातात लेखी समज पडली. तेव्हापासून म्हातारी 'एक आजी' झाली होती.

"वाळलीस किती गं," म्हातारी आपल्या बोलीत म्हणाली. "जेवतेस का वेळेवर?"

"काय म्हणतायत आजी?" टोपीवाल्या पाहुण्याने विचारलं.

"आपलं स्वागत आहे, म्हणतायत," लेक म्हणाली. तिने आईकडे पाहिलं नाही.

"उद्यापासून येणार नाहीस, हे मला परक्या माणसाने सांगावं?"

"आणि आता?" टोपीवाल्याने विचारलं.

"हवा छान आहे, म्हणतायत."

पाहुणे हसून माना डोलवत होते. मोठी गुणी माणसं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, कुणी कुंपणाला हातही लावत नव्हतं. लेकीने घड्याळ पाहिलं. इथे थांबायच्या पाच मिनिटांपैकी तीन संपली होती. 'चला' म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात टोपीवाल्याने कॅमेरा नुसता उचलून दाखवला आणि अदबीने मान वाकवली.

"ताई, आजींना विचारता का? एक फोटो काढला तर चालेल?"

विचारून फोटो काढायला नियमाची आडकाठी नव्हती. म्हातारी इतकी वर्षं नाहीच म्हणत आली होती. दुरून डोंगर साजरे, तशी मीही दुरूनच बरी, असं ती शेजारणीला सांगायची.

"काढा म्हणावं," ती म्हणाली. "पण एकटीचा नको. तुलाही शेजारी उभी कर."

लेकीने या वेळी खरं तेच सांगितलं. टोपीवाला खूश झाला. लेक कुंपणाला टेकून उभी राहिली, ती बाहेर आणि आई आत. मध्ये कमरेइतकी दगडांची भिंत. म्हातारीने भिंतीवरून हात टाकून लेकीचा दंड धरला. पोरगी खरंच वाळली होती.

कॅमेरा वाजला. "सुंदर आला!" टोपीवाला म्हणाला.

"मी हलले," म्हातारी म्हणाली. "परत काढायला सांग."

परत काढला.

"आता उन्हाने डोळे मिटले माझे. परत."

परत काढला. लेकीच्या खांद्यावर पांढऱ्या सुताचा धागा चिकटला होता, म्हातारीच्याच बाहीवरचा. तो म्हातारीने तसाच राहू दिला. एवढ्यात खालून बसचा हॉर्न वाजला, परतीचा, लांबलचक.

पाहुणे पिशव्या सावरायला लागले. म्हातारीने एकेक करत बोटं सोडवली आणि हात भिंतीच्या आत घेतला. आता काय निमित्त सांगायचं, ते तिला सुचेना. टोपीवाल्याने कॅमेऱ्यावर झाकण बसवलं.

"थांबा," लेक म्हणाली. ती जागची हलली नव्हती. "या फोटोत माझे डोळे मिटले होते. अजून एक काढा."