जैनाबादचे कंद

लीलाधरनं केळीचा खांब कोयत्यानं आडवा तोडला आणि सगळ्यांना दिसावं म्हणून तो बाजूला सरकला. आत पांढऱ्या गाभ्याभोवती तपकिरी ठिपक्यांचं कडं उमटलं होतं.

"हाच तो," तो म्हणाला. "मर रोग."

बांधावर उभे असलेले बागवाले पुढे वाकले. लीलाधरच्या बापानं, भिकननं, एक पिवळं पान हातात घेतलं आणि सोडून दिलं. उत्तरेच्या कोपऱ्यातली चाळीस झाडं अशीच माना टाकून उभी होती.

"औषध?" शालिग्राम पाटलांनी विचारलं.

"नाही. मी होतो त्या बेटावर बागाच्या बागा गेल्या. तिथल्या साहेबांनाही सापडलं नाही. तोडायचं, जाळायचं आणि त्या जमिनीत पुन्हा केळ लावायची नाही."

"मंग दोन वर्सं तू शिकला काय तिकडं?" नदीपलीकडच्या जैनाबादचा कडू म्हणाला. "केळं कसं मरते ते?"

एरवी सगळे हसले असते. कडू बोलायचाच तसा. लीलाधर नागपूरच्या कॉलेजातून सरकारी शिष्यवृत्तीवर वेस्ट इंडीजला निघाला, तेव्हाही बुऱ्हाणपूरच्या स्टेशनावर त्यानं भर गर्दीत विचारलं होतं, "अरे, केळी शिकायला बोटीत कायले बसतो? माह्या बागेत ये, फुकट शिकवतो." आणि मग गाडी दिसेनाशी होईपर्यंत तोच हात हलवत उभा होता.

त्या दिवशी लीलाधरची आई, मथुराबाई, हसली नव्हती. तिनं शेतातली ओंजळभर माती लाल फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली होती. डोईफोडियाला, तिच्या माहेरी, दूर जाणाऱ्या पोराला अशी माती देत. "पेटीत ठेव. आला की माह्याच हातात दे. बाकी मी पाहीन."

दोन वर्षांनी आषाढात तो परतला. अंगणात पाय ठेवताच त्यानं पेटी उघडून लाल पुरचुंडी आईच्या हातात ठेवली. मथुराबाईनं ती छातीशी धरली आणि सून घरात यावी तशी तिला ओवाळली. बापानं विचारलं होतं, "तिकडची जमीन कशी रे?" लीलाधर म्हणाला होता, "आपल्यासारखीच काळी, दादा. फरक कळत नाही."

त्याच आठवड्यात कडूनं दिलेले कंद उत्तरेच्या कोपऱ्यात लावले होते. आता माघ चालू होता.

"रोग आला कुठून, ते सांग," शालिग्राम पाटील म्हणाले. "तू सांगशील ते आम्ही मानू. ज्याच्याकडून आला त्याची बाग राहणार नाही. नाहीतर तापीच्या दोन्ही काठांवर केळ उरायची नाही."

कडू आता हसत नव्हता. सगळी जैनाबादकडची मंडळी त्याच्याकडूनच कंद नेत. बापाच्या हातची बाग होती ती.

"लीलाधर भाऊ, माही बाग तू काल पाह्यली. एक तरी झाड पिवळं होतं का?"

"नव्हतं, काका. पण हा रोग महिनोन्‌महिने दिसत नाही. आत दबून बसतो."

"तेच कंद म्या आणखी दोघांले दिले. त्यांच्याकडं कसा नाही आला?"

पुस्तकात लिहिलेलं त्याला पाठ होतं. रोग दोनच वाटांनी येतो, कंदातून नाहीतर मातीतून. माती तर बापजाद्यांची होती.

"येईल," तो म्हणाला. "कंद बाहेरून आले ते तुमचेच."

कडूनं भिकनकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा दोस्ताना होता. भिकननं मान खाली घातली.

"ठीक हय," कडू म्हणाला. "शिकलेला माणूस खोटं कायले बोलंल?" त्यानं खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो नदीकडे चालू लागला.

कडूची बाग तोडायला आठ दिवस लागले. हिरवे, निरोगी खांब पेटत नव्हते, नुसते धुमसत होते. धूर पाण्यावरून अलीकडे येई. कडू बांधावर बसून असे. त्याच्या बायकोनं, रंभाबाईनं, एकदा लीलाधरला पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.

नवव्या दिवशी लीलाधर स्वतःच्या बागेतल्या कोपऱ्यात चुना टाकत होता. मथुराबाई भाकरी घेऊन आली. झाडं गेलेल्या त्या उघड्या जमिनीपाशी ती बसली आणि एका खळग्यावरून हात फिरवत राहिली.

"इथूनच पहिलं झाड पिवळं झालं ना रे?"

"हो, माय. इथूनच."

"किती दुष्ट रोग! बरोबर इथंच आला." तिनं डोळे पुसले. "तू आला ना, त्याच सांजेले तुही माती म्या इथं घातली होती. जिथली तिथं गेली म्हंजे पोरगं पुन्हा दूर जात नाही, म्हणते माही माय. सात समुंदर फिरून घरी आली बिचारी, अन्‌ तिच्याच नशिबी हे!"

लीलाधरच्या हातातली चुन्याची पाटी खाली आली. आई ती पुरचुंडी देव्हाऱ्यात ठेवील, असं त्याला वाटलं होतं.

नदीपलीकडे अजून थोडा धूर होता.

आईनं दिलेली माती, परकी माती चालत नाही म्हणून, त्या बेटाच्या धक्क्यावर तपासनिसानं पहिल्याच दिवशी समुद्रात ओतली होती. परतायच्या आदल्या दिवशी, आईला वाईट वाटू नये म्हणून, रिकामं लाल फडकं लीलाधरनं पुन्हा भरलं होतं, तिथल्या कॉलेजच्या मागच्या वाफ्यातून, जिथं तो दोन वर्षं रोज सकाळी मेलेल्या केळी मोजायला जायचा.